पश्चात्तापाची सोय

ठाण्यातल्या नौपाड्यात आमचे एक छोटेसे वाचनमंडळ आहे. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी पंधरा-वीस जण जमतात, एका पुस्तकावर दोन तास बोलतात आणि चहा घेऊन पांगतात. मागच्या पावसाळ्यात मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी चर्चेला होती. पहिल्या पाच मिनिटांतच एका निवृत्त शिक्षकांनी निकाल लावून टाकला : ‘म्हणजे हा आपला भस्मासुरच की!’ सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. आणि घरी येताना गोखले रोडच्या गर्दीत लक्षात आले की या एका शब्दाने आपण कादंबरीतल्या मुख्य आरोपीला जामीन देऊन बसलो आहोत.

भस्मासुराच्या कथेत दोष कृतघ्नाचा असतो. शंकराने भोळेपणाने वर दिला आणि घेणाऱ्याने तो देणाऱ्याच्याच मस्तकावर हात ठेवून आजमावायचे ठरवले. शंकर पळाले, विष्णूने मोहिनीचे रूप घेतले, असुराची राख झाली. वर देण्यापूर्वी विचार का केला नाही, असा प्रश्न शंकराला त्या कथेत कोणी विचारत नाही. शेलीच्या कादंबरीत मात्र वर नाही आणि वरदाताही नाही. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन नावाचा जिनिव्हाचा एक हुशार तरुण इंगोलश्टाटच्या विद्यापीठात शिकताना मृत देहांचे अवयव जुळवून एक सजीव घडवतो आणि तो डोळे उघडताच त्याला टाकून पळतो. त्या जिवाला काहीच मिळत नाही, नावसुद्धा नाही. इतके की आज दोनशे वर्षांनंतर लोक निर्मात्याचेच आडनाव त्याला चिकटवतात. (बेवारस मुलाला बापाचे नाव मिळाले ते असे, चुकून.)

मला पटणारे जवळचे उदाहरण भस्मासुराचे नसून कुंतीचे आहे. तिने पोटच्या पोराला पेटीत घालून पाण्यात सोडले. पुढे शस्त्रकौशल्याच्या स्पर्धेत तो अर्जुनासमोर उभा राहिला तेव्हा ती मूर्च्छित पडली, पण ‘सूतपुत्र’ म्हणून त्याचा अपमान झाला तेव्हाही बोलली नाही. आणि युद्धानंतर जलांजली देण्याची वेळ आली तेव्हा तिने पांडवांना सांगितले की कर्ण तुमचा थोरला भाऊ होता. तिचे दुःख खोटे नव्हते. परंतु ते दुःख कर्णाच्या काहीही उपयोगाचे नव्हते, आणि नेमका हाच प्रश्न या कादंबरीच्या मुळाशी आहे : ज्याला अपराधाची टोचणी लागते, त्याने जबाबदारी घेतली असे म्हणता येईल काय? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. त्याहीपुढे जाऊन मी म्हणेन की पश्चात्ताप आणि सूड या दोन्ही गोष्टी बहुधा जबाबदारी टाळण्याच्या सभ्य वाटा असतात, आणि आपल्या सार्वजनिक जीवनात त्या वाटांवरची वर्दळ फार वाढली आहे.

मेरी शेलीने ही गोष्ट 1816 च्या उन्हाळ्यात, जिनिव्हाच्या तळ्याकाठी, अठरा वर्षांची असताना लिहायला घेतली. आदल्या वर्षी इंडोनेशियातल्या तंबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला होता आणि त्याच्या राखेने युरोपचा तो उन्हाळा पावसाळी आणि काळवंडलेला झाला होता. पुस्तक 1 जानेवारी 1818 रोजी लंडनमध्ये निघाले, लेखिकेच्या नावाविना, आणि अर्पण केले होते तिच्या वडिलांना, म्हणजे राजकीय न्यायावर मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या विल्यम गॉडविन यांना. तिची आई मेरी वोलस्टनक्राफ्ट लेकीच्या जन्मानंतर अकरा दिवसांनी वारली होती. न्यायाची चर्चा ज्या घरात रोजची आणि जन्मदात्रीची उणीव ज्या घरात कायमची, त्या घरातल्या मुलीने हे पुस्तक लिहिले, हे वाचताना विसरता येत नाही.

आता तो प्रसंग पाहा. नोव्हेंबरची रात्र, खिडकीवर पावसाची टिपटिप, मेणबत्ती संपत आलेली. तो जीव श्वास घेतो आणि व्हिक्टर शेजारच्या खोलीत पळून झोपी जातो. जाग येते तेव्हा पलंगाचा पडदा वर धरून तो उभा असतो आणि त्याने एक हात पुढे केलेला असतो. व्हिक्टर पुन्हा पळतो, रात्र अंगणात काढतो. सकाळी त्याचा बालमित्र क्लेर्व्हाल अचानक भेटतो. त्याला जिन्याखाली थांबवून व्हिक्टर एकटा वर जातो, धडधडत्या छातीने दार ढकलतो, खोली रिकामी पाहतो आणि आनंदाने टाळ्या वाजवतो. नुकताच जन्मलेला, भाषा न येणारा, अपुऱ्या कपड्यांत थंडीत बाहेर पडलेला तो जीव कुठे गेला असेल, हा प्रश्न त्याला पडत नाही. मला या सबंध कादंबरीत खुनांपेक्षाही या टाळ्या अधिक भयंकर वाटतात.

टाळ्यांच्या पाठोपाठ व्हिक्टरला ताप येतो आणि तो कित्येक महिने अंथरुणाला खिळतो; क्लेर्व्हाल त्याची शुश्रूषा करतो. पुढे क्लेर्व्हालचाच मृतदेह त्याला दाखवला जातो तेव्हाही तो दोन महिने तापाने फणफणतो. आपल्या भाषेत ‘पश्चात्ताप’ हा शब्द किती नेमका आहे, ते इथे कळते. नंतर येणारा ताप तो. ज्याला ताप येतो तो रुग्ण ठरतो आणि रुग्णाला कोणी जाब विचारत नाही, उलट त्याच्या उशापायथ्याशी बसतात. जबाबदारीसाठी आपल्याकडे दुसरा शब्द आहे, ‘उत्तरदायित्व’, म्हणजे उत्तर देणे लागणे. व्हिक्टरला ताप भरपूर येतो. उत्तर तो एकदाही वेळेवर देत नाही.

याची कसोटी जस्टिन मॉरिट्झच्या खटल्यात लागते. व्हिक्टरचा धाकटा भाऊ विल्यम याचा खून होतो. खून त्या निर्मितीने केलेला असतो आणि मुलाच्या गळ्यातले आईचे छोटे चित्र त्याने, घरात आश्रित म्हणून वाढलेल्या जस्टिनच्या कपड्यात, ती झोपेत असताना सरकवलेले असते. व्हिक्टरला खुनी कोण ते ठाऊक आहे. घरात तो ‘जस्टिन निर्दोष आहे’ असे म्हणतोही. पण का निर्दोष, हे न्यायालयात सांगत नाही. त्याचे कारण तयार आहे : सांगितले तर लोक वेडा ठरवतील. (आमच्याकडे म्हणाले असते, ठाण्याला पाठवा याला!) 1831 च्या सुधारित आवृत्तीत तो न्यायाधीशांपुढे कळकळीने विनवण्या करतो, पण त्यांची थंड उत्तरे ऐकून खरी गोष्ट त्याच्या ओठांवरच विरून जाते. इकडे जस्टिनला तिचा धर्मगुरू नरकाची भीती घालून न केलेल्या गुन्ह्याचा कबुलीजबाब द्यायला लावतो आणि तिला देहदंड होतो. या सगळ्यात व्हिक्टरचे म्हणणे काय, तर आरोपीच्या यातना माझ्या यातनांपुढे काहीच नव्हत्या, तिला निदान निर्दोषत्वाचा आधार होता. फासावर जाणाऱ्या मुलीपेक्षा आपण जास्त सोसतो आहोत, असे मानणाऱ्या माणसाचा पश्चात्ताप किती स्वतःपुरता असतो!

याच माणसाला पुढे एकदा जिनिव्हाच्या दंडाधिकाऱ्यासमोर सगळे खरे सांगण्याचे धैर्य होते. कधी, तर लग्नाच्या रात्री पत्नी एलिझाबेथचा खून झाल्यावर, वडीलही त्या धक्क्याने गेल्यावर आणि अनेक महिने वेड्यांच्या कोठडीत काढून झाल्यावर. तेव्हा वेडा ठरण्याची भीती नाहीशी झालेली असते, कारण आता त्याला कोणाला वाचवायचे नाही, शिकार करायची आहे. जे सत्य जस्टिनसाठी उच्चारता आले नाही ते सुडासाठी सहज उच्चारता आले, ही मला या कादंबरीतली सगळ्यात कठोर नोंद वाटते, आणि मेरी शेलीने ती काहीही न बोलता, नुसती दोन प्रसंगांच्या मांडणीतून केली आहे.

सूड मग त्याला उत्तर ध्रुवाच्या बर्फापर्यंत ओढत नेतो. तिथे रॉबर्ट वॉल्टन नावाच्या धाडसी प्रवाशाच्या जहाजावर तो मरतो आणि मरताना म्हणतो की गेले काही दिवस मी माझ्या वर्तनाची तपासणी करतो आहे आणि मला त्यात ठपका ठेवण्याजोगे काही सापडत नाही. आयुष्यभराच्या टोचणीचा हा निकाल! तिकडे त्या निर्मितीनेही सूडच घेतला, पण त्याचा हिशेब पाहा : विल्यम, जस्टिन, क्लेर्व्हाल, एलिझाबेथ, म्हातारा बाप. यांतल्या एकाने तरी त्याचे काय बिघडवले होते? ज्याच्यावर राग होता त्या व्हिक्टरला त्याने बोटही लावले नाही.

वाचनमंडळात इथे एक आक्षेप आला आणि तो हलका नव्हता. ‘मग त्या राक्षसाचीच बाजू घ्यायची का? समाजाने नाकारले म्हणून लहान मुलाचा गळा दाबायचा?’ मी त्याची बाजू घेत नाही आणि कादंबरीही घेत नाही. ज्यांच्या झोपडीशेजारी तो लपून राहतो त्या डी लेसी कुटुंबासाठी रात्री गुपचूप सरपण आणून ठेवणारा, चोरून भाषा शिकणारा तो जीव आंधळ्या म्हाताऱ्याच्या पायाशी आधार मागतो आणि म्हाताऱ्याचा मुलगा फेलिक्स त्याला काठीने बडवतो, तेव्हा आपले काळीज हलते. तरीही विल्यमचा खून हा त्याचाच खून आहे आणि शेवटी व्हिक्टरच्या शवाजवळ उभा राहून तो तसे कबूल करतो. फक्त त्याच दमात तो असेही विचारतो की सगळ्या मनुष्यजातीने माझ्यावर अन्याय केला असताना गुन्हेगार मी एकटाच का? जबाबदारी म्हणजे एका भाकरीचे तुकडे नव्हेत, की एकाच्या पानात जास्त पडली म्हणून दुसऱ्याच्या पानात कमी पडावी. खुन्याचा खाते-उतारा वेगळा आणि टाकून जाणाऱ्याचा वेगळा. दोन्ही पूर्ण भरावे लागतात.

हे आपल्याला पेलत नाही, असे मला आपल्याच जिल्ह्याकडे पाहून वाटते. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. लोक 20 ऑगस्टला रेल्वे रुळांवर उतरले, तासन्‌तास लोकल बंद राहिल्या, आणि घोषणा होती ती तिथल्या तिथे फाशी देण्याची. त्या संतापाला मी नावे ठेवणार नाही. मुलींच्या पालकांना तक्रार नोंदवण्यासाठी ताटकळावे लागले होते, आणि शाळेने वेळीच कळवले नाही व पोलिसांनी दिरंगाई केली यावरून मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन ताशेरे ओढले होते. मग 23 सप्टेंबरला आरोपीला तळोजा तुरुंगातून नेत असताना मुंब्रा बायपासवर पोलिसांच्या गाडीत तो गोळी लागून मेला. त्याने बंदूक हिसकावून गोळीबार केला, असे पोलिसांनी सांगितले. जानेवारी 2025 मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने त्या गाडीतल्या पाच पोलिसांना त्याच्या मृत्यूसाठी जबाबदार धरले. या दोन तारखांच्या मधल्या काळात मुंबईत फलक लागले होते : ‘बदला पुरा’. गावाच्या नावावरची ती कोटी ज्याला सुचली त्याला ती चपखल वाटली असणार.

मी त्या आरोपीची तुलना कादंबरीतल्या निर्मितीशी करत नाही. त्याचा खटला पुरा झाला नाही आणि आता होणारही नाही. तुलना करतो आहे ती आपली, दंडाधिकाऱ्यासमोर अचानक वाचा फुटलेल्या व्हिक्टरशी. मुलींच्या तक्रारीवर वेळीच बोलायला हवे होते तेव्हा जी माणसे आणि ज्या यंत्रणा गप्प होत्या, त्या सुडाची वेळ आल्यावर एकाएकी बोलक्या झाल्या. आणि गोळी सुटल्यावर ‘कोणी, कधी, काय कळूनही सांगितले नाही’ हा प्रश्न लोकांच्या बोलण्यातून पार मागे पडला. बर्फाळ डोंगरावर त्या निर्मितीचे निर्मात्याशी पहिल्यांदा बोलणे होते तेव्हा ती म्हणते की तुमचे कायदे रक्तरंजित असले तरी गुन्हेगाराला शिक्षेपूर्वी आपली बाजू सांगू देतात, तेवढे मला दे. व्हिक्टर ऐकायला तयार होतो आणि त्याला आयुष्यात प्रथमच वाटते की निर्मात्याची काही कर्तव्ये असतात. कर्तव्याची जाणीव त्याला ती विनवणी कानावर पडल्यावर झाली, हे लक्षात घ्यावे. ज्याला गप्प केले त्याच्याकडून काहीच कळत नाही, आपल्याबद्दलही नाही.

पश्चात्तापाचे सार्वजनिक रूप पाहायचे तर मुंब्र्याजवळ शिळफाट्याला जावे लागेल. तिथल्या लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत 4 एप्रिल 2013 रोजी कोसळली आणि 74 माणसे मेली. काम चालू असतानाच खालच्या मजल्यांवर माणसे राहत होती. इमारत सात मजले चढेपर्यंत ती कोणालाच दिसली नव्हती, असे मानणे कठीण आहे. नंतर बिल्डरांबरोबर पालिकेचे काही अधिकारी, पोलीस आणि एक नगरसेवकही अटकेत गेले, हे त्या मानाने मोठेच. पण मला त्या अटकांपेक्षा दरवर्षी पावसाळ्याआधी निघणारी धोकादायक इमारतींची यादी जास्त विचार करायला लावते. सी-1 म्हणजे अतिधोकादायक, मग उतरत्या धोक्याच्या सी-2 ए, सी-2 बी, सी-3. जिन्याच्या भिंतीवर नोटीस चिकटते : इमारत त्वरित रिकामी करावी, अन्यथा होणाऱ्या जीवितहानीस रहिवासी जबाबदार राहतील. राहायचे कुठे, याचे उत्तर त्या कागदात क्वचितच असते. नोटीस देणे कायद्याने आवश्यक आहे, हे मला मान्य आहे. पण नोटीस चिकटवून परतणाऱ्या माणसाला जी सुटका वाटते, ती मला रिकामी खोली पाहून टाळ्या वाजवणाऱ्याच्या सुटकेसारखी वाटते.

दुसऱ्यांचे काढले, आता माझे सांगतो. मी आमच्या सोसायटीचा खजिनदार असताना एका पहाटे पाण्याची मोटर जळाली. त्या दिवशी पालिकेचे पाणी बंद होते, खालची टाकी कोरडी होती, आणि रात्रपाळीच्या वॉचमनने नेहमीप्रमाणे चार वाजता पंप चालू केला. टाकीत पाणी नसेल तर पंप आपोआप बंद करणारे उपकरण बसवायचे अंदाजपत्रक तीन महिने माझ्या फायलीत होते, साडेअकरा हजारांचे, आणि त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेले होते : ‘पुढील सभेत’. पाणी बंद असल्याचा निरोपही आमच्यापैकी कोणी त्याला दिला नव्हता. समितीच्या बैठकीत तो म्हणाला, ‘साहेब, पाणी नाही ते मला कोणी सांगितलंच नाही.’ तो झोपला असणार, असे कोणीतरी म्हणाले आणि ते सगळ्यांना सोयीचे पडले. मी फाईल मांडीवर घेऊन बसलो होतो. ती उघडली नाही. त्याने टॉर्च, शिट्टी आणि गेटची किल्ली टेबलावर ठेवली. टॉर्च ठेवण्याआधी बाहीने पुसली. संध्याकाळी गेटजवळ गाठून मी त्याला पाकिटात दोन हजार रुपये दिले. त्याने ते घेतले, नमस्कार केला, आणि मला दोन रात्री बरी झोप लागली.

व्हिक्टरवर मी एवढा चिडतो त्याचे कारण हे आहे. खंत मला खरोखरच वाटत होती. पण ती दोन हजारांत मावली, आणि फाईल उघडायला मला एक पैसाही लागला नसता. फक्त बैठकीतल्या सात माणसांसमोर मान खाली गेली असती. वेळेवर दिलेल्या उत्तराची किंमत स्वतःला मोजावी लागते आणि त्याचा फायदा दुसऱ्याला होतो. पश्चात्तापाचे गणित नेमके उलटे असते.

कादंबरीत या उलट्या गणितातून सुटलेला एक माणूस आहे आणि त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. वॉल्टनचे जहाज बर्फात अडकते तेव्हा खलाशी मागे फिरण्याची मागणी करतात. मरणासन्न व्हिक्टर त्यांना पुरुषार्थाचे तेजस्वी भाषण ठोकतो. ऐकणारे हेलावून जातात. पण वॉल्टन त्यांना विचार करायला वेळ देतो, ते मागणीवर ठाम राहतात आणि तो जहाज मागे वळवतो. त्याला ते मुळीच आवडत नाही. बहिणीला लिहिलेल्या पत्रात तो चरफडतो, लोकोपयोगाची आणि कीर्तीची आशा बुडाल्याचे लिहितो. त्याच्या मनात ना अपराधभाव आहे ना उदात्तता; आहेत ती जहाजावरची माणसे, आणि त्यांच्या जिवाचे उत्तर आपल्याला द्यावे लागेल, ही कटकटीची जाणीव. जबाबदार माणूस मला असाच दिसतो, थोडा चिडलेला. त्या जिवाच्या मागणीवरून घडवायला घेतलेली दुसरी, स्त्री-निर्मिती व्हिक्टरने अर्धवट असताना नष्ट केली तो प्रसंग कोणी मला त्याच्या बचावात सांगतात, आणि तिथे मी अडखळतो. पुढच्या पिढ्यांचा विचार त्याने त्या वेळी खरोखरच केला होता. पण त्याचे परिणाम ज्यांच्यावर कोसळणार त्या क्लेर्व्हालला आणि एलिझाबेथला त्याने तेव्हाही एका शब्दाने सावध केले नाही.

सोसायटीत ते उपकरण नंतर महिन्याभरात बसले. इतिवृत्ताच्या वहीत मात्र त्या बैठकीखाली अजून तेच आहे : ‘वॉचमनच्या हलगर्जीपणामुळे मोटर जळाली, सबब त्यास कामावरून कमी करण्यात आले.’ खाली चार सह्या आहेत, तिसरी माझी. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हे वाक्य दुरुस्त करावे आणि अंदाजपत्रक कोणाकडे पडून होते ते नोंदवावे, असे पत्र मी गेल्या आठवड्यात सेक्रेटरींना दिले. त्यांनी ते दोनदा वाचले, चष्मा काढला आणि विचारले, ‘आता कशाला?’ वॉचमनचा जुना नंबर लागत नाही. सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एजन्सीकडे त्याच्या गावाचा पत्ता आहे का, ते विचारून ठेवले आहे. त्यांनी सोमवारनंतर फोन करायला सांगितले आहे.